अब्बास मिस्त्रींनी मोटार बिघडवली नव्हती

अब्बास मिस्त्री. धारूरच्या वेशीपाशी ज्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, ते. दोन वर्षांपूर्वी, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलताना, बाजारात तीस-चाळीस माणसांसमोर मी त्यांना गद्दार ठरवलं. मी — ज्याची निजामाच्या जुलमाविरुद्धची पत्रकं तुम्ही धान्याच्या कणगीत लपवून ठेवता, तोच. त्या दिवसाची खरी हकिगत माझ्या आईलाही ठाऊक नाही. आज ह्या पत्रकातून तुम्हाला सांगतो. मधेच उठून जावंसं वाटेल. बसा.

मोटार आठवते? एका जागीरदाराच्या तबेल्यात पडून होती, कोंबड्या बसायच्या तिच्यात. आमच्या मंडळानं ती मागून आणली. पत्रकांचे गठ्ठे बैलगाडीतून आणायचे म्हणजे नाक्यानाक्याला झडती. मोटार दिसली की शिपाई आधी सलाम ठोकतो, आत कोण बसलंय ते मग बघतो. ती चालू करायचं मी अंगावर घेतलं. कावून? मोटारीचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि मला इंग्रजी वाचता येत होतं. एवढ्यावर!

आठ दिवस. हँडल मारून मारून खांदे गळाले. एकदा ते उलटं फिरलं आणि मनगट सुजून भोपळा झालं. प्लग काढले, घासले, बसवले. इंजिन उघडलं, पुन्हा जोडलं — दोन बोल्ट उरले. कुठले? पुस्तकातलं चित्र बहुतेक दुसऱ्याच मोटारीचं होतं. एकदा ती खोकली, धूर सोडला, आम्ही नाचलो — आणि बंद.

"तुझ्यापरीस कोंबड्या बऱ्या होत्या बे," मंडळातला दत्तू म्हणाला, "अंडी तरी देत होत्या."

सगळे हसले. मी मोटारीखाली शिरलो आणि तिथंच पडून राहिलो, तोंड दिसू नये म्हणून.

नवव्या दिवशी अब्बास मिस्त्री आले. नुसता कान लावला, दोन जागी हात घातला, आणि दुपारच्या नमाजाआधी इंजिन चालू. जाताना त्यांनी मेंढीचं मऊ कातडं माझ्या हातात दिलं. "बेटा, पेट्रोल इसमें से गाळ. कपडा नक्को. रुवां जाके बैठता." कापडाची लव आत जाऊन अडकते, एवढंच त्यांचं सांगणं. पण माझ्या डोक्यात काय पेटलं? — माझे आठ दिवस, ह्यांची एक सकाळ! त्यांची पाठ वळताच मी कातडं भिरकावलं आणि खांद्यावरचं उपरणं काढलं. "गाळायला आपली खादी काय कमी हाय?" मित्रांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकत मी डबाभर पेट्रोल खादीतून गाळून टाकीत ओतलं.

मग दत्तू, मंडळातलाच नामदेव आणि मी दिंद्रुडहून गठ्ठे घेऊन निघालो. धारूरच्या घाटात, ऐन चढावर, मोटारीनं दोन गचके दिले आणि ती थांबली. चाकांखाली धोंडे लावले. मी कार्बुरेटर उघडला. त्यात जेट नावाचा पितळेचा तुकडा असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. सगळं पेट्रोल त्यातून जातं. उजेडाकडे धरला. भोकात पांढरी लव. खादीची — दुसरं काय असणार? जोरात फुंकलं, निघाली. आणि तेलकट बोटांतून जेट सुटला, मुरमात पडला. तिघंही गुडघ्यांवर आलो. "हुडकायचंय काय ते तर सांग की!" नामदेव ओरडत होता. नखं फाटली. एवढासा तुकडा!

अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, आणि चार शिपाई आले तेव्हा मी मोटारीखाली मुरूम चाळत होतो. गठ्ठे सापडले. दोघांना दोरी बांधली. मला पाय धरून ओढलं. "तू कौन?" तेलानं माखलेलो होतो मी. म्हणालो, "मिस्त्री हूं साहेब, किराये का." दत्तूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही — मी सुटावं म्हणून. एक लाथ घालून मला हाकललं.

घाट चढून गावात आलो. बाजारात माणसं जमली. मोटार नेमकी तिथंच कशी बंद पडली? — सरळ प्रश्न. सरळ उत्तर माझ्या जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "मिस्त्रीनं कायतरी घालून ठेवलंतं. अमीनाचा माणूस हाय त्यो."

पुरावा कुणी मागितला नाही. ते मुसलमान, राज्य निजामाचं — माझं खोटं आपल्या पायांवर उभं राहिलं. ते राहील हे मला बोलतानाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं, 'घरभेद्यापासून सावध'. तुम्हीच म्हणालात, असं झणझणीत आजवर लिहिलं नव्हतं.

मिस्त्री एकदाच माझ्या दारी आले. उंबऱ्याबाहेर थांबले. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "बेटा, वो कातडा वापरा था ना?"

आपल्या कामात कुठं चूक राहिली, ते शोधत होते!

"हो," मी म्हणालो.

"फिर मेरीच गलती," ते म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर त्यांच्याकडे ना कुणी सायकल नेली, ना उसाचा चरक. दुकानाला कुलूप लागलं. आता ते अंबाजोगाईच्या सडकेवर खडी फोडतात. दत्तू तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्यानं मला मिठी मारली. मी मारू दिली.

मी भ्यालो होतो, खरं आहे. पण भ्यालेला माणूस एकदा खोटं बोलतो — कागद घेऊन बसत नाही, शब्द पारखत नाही. मी पारखले.

माझ्याबद्दल काय वाटतं, ते मला सांगू नका. घडी घालून हे पत्रक लपवूही नका. भर बाजारात मोठ्यानं वाचा, माझ्या नावासकट. आणि उद्या सकाळी घरात जे मोडलेलं असेल — चरक, सायकल, पाण्याचं इंजिन — ते उचला आणि अब्बास मिस्त्रींच्या दारात नेऊन ठेवा.