कानातले अहो

"सून गुणाची आहे वो, पण पोरगं धामणगावले गेलं की त्याच्याशी भांडते."

सासूबाई कुंपणापाशी शेजारच्या कमलाबाईंना हळूच सांगत होत्या. मी आत भाकरी थापत होते. घरात नसलेल्या नवऱ्याशी भांडणारी बायको अख्ख्या अमरावतीत मीच असणार! आता माझी ही फजिती समजून घ्यायची, तर सुरुवात कानापासून करावी लागेल.

लग्न ठरलं त्याच सुमारास माझ्या डाव्या कानात रातकिड्यासारखी किर्रर्र सुरू झाली. भरदिवसासुद्धा! मी बोलले नाही कुणाला. बहिरी होईन, सासरचे माहेरी अकोल्याला परत धाडतील, हेच डोक्यात. जितकं भिऊन ऐकावं तितकी किरकिर वाढायची.

माहेरपणाला गेले तेव्हा न राहवून बाबांना सांगितलं, त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून ते म्हणाले, "ऐकू नीट येते तुम्हाला. आवाज वेगळा, त्याची भीती वेगळी. आवाज कदाचित राहील. भीती मात्र घालवता येते. घरातल्या माणसाशी बोलतो तसं त्याच्याशी बोलायचं. राहायचं तर राहा, मला कामं आहेत."

घरातलं माणूस! नव्या नवरीला दुसरं कोण सुचणार? मी कानाला 'अहो' म्हणू लागले. चुलीपाशी, विहिरीपाशी, "अहो, राहायचं तर राहा, जायचं तर जा!" आणि खरं सांगते, गुण येत होता. कान वाजतोय हे कामात विसरूनच जायची.

पण सासूबाईंनी ऐकलं, कमलाबाईंनी गल्लीला ऐकवलं. शनिवारी हे धामणगावच्या अडत दुकानातून घरी आले, ते पिशवी हातात धरून उंबऱ्याबाहेरच उभे.

"राहू का जाऊ?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आता न बोलावं तर संसार जातो, बोलावं तरी जाण्याची भीती. डोळे मिटून बोलले, "आई, माझा कान वाजते. लग्नाच्या आधीपासून. मी त्याच्याशी बोलते."

सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. मग म्हणाल्या, "एवढंच? माहा बी वाजते कधीचा. मले वाटे, सगळ्याइचाच वाजते. पण म्या नाही बाई त्याले अवो म्हटलं!"

ह्यांनी हसत पिशवी खाली ठेवली आणि मला चिडवायला सुरुवात केली. तेवढ्यात किर्रर्र उसळली. सवयीनं तोंडातून गेलं, "अहो, जरा गप बसा!"

हे एकदम गप. मी घाईघाईनं कानाला हात लावून म्हणाले,

"अहो, तुमाले नाही, ह्याइले!"