राहिलेली आंघोळ

दादाचा फोन आला तेव्हा दुपार होती. मी परसात कपडे वाळत घालत होते. नागपूरच्या दवाखान्यातून तो रोज दुपारीच फोन करायचा, म्हणून घंटी वाजली तेव्हा मनात वेगळं काही आलं नाही. "आणून राहिलो घरी," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, वहिनीला बरं वाटतं का? मागे गाड्यांचे आवाज येत राहिले… मग पुन्हा तेच, "आणून राहिलो," आणि फोन बंद. इतके महिने घरात मरणाचा जो शब्द दादाने उच्चारला नव्हता, तो त्याने त्या दिवशीही उच्चारला नाही. मला कळायला तेवढं पुरलं. हातातली साडी दोरीवर तशीच टाकून मी आत गेले, वहिनीचा गुंड, तो पितळी हंडा, काढला, परसातली चूल पेटवली आणि पाणी तापत ठेवलं. बातमी वस्तीत पोचली होती; रडण्याचा आवाज न येता धूर येतो आहे हे पाहून शेजारच्या बायका धावत आल्या. एकीने माझ्या हातातलं लाकूड काढून घेतलं. दुसरी म्हणाली, एवढ्या पाण्याचं काय करून राहिली बाई? त्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. ज्या बाईने त्यांना समजावलं असतं, ती गाडीत होती.

वच्छला वहिनी आसगावात आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत शिकत होते. पुढे मी पवनीच्या शाळेत ग्रंथपाल झाले, लग्न केलं नाही, निवृत्त झाले, आणि हा सगळा काळ तिच्याच घरात राहिले. मी मुद्दाम 'तिच्या घरात' म्हणते आहे. घर माझ्या वडिलांनी बांधलेलं, पण ते बोलतं केलं तिने. मला ती 'बाई' म्हणायची आणि दिवसभर टोमणे मारायची. पुस्तकात तोंड घालून बसली की घर जळलं तरी तुले वास येत नाई, हा तिचा ठरलेला टोमणा. पण मी काही वाचत असले की भाजी निवडत जवळ येऊन बसायची आणि पहिला प्रश्न हाच विचारायची, "यात कोण मरते?" कोणीच मरत नाही म्हटलं तर तिचा विरस व्हायचा. "मंग अर्धीच लिवली," ती म्हणायची.

मरणाशी तिची अशी बोलचाल होती. आमच्या वस्तीत कुणाची बाई गेली की पहिलं बोलावणं वच्छला वहिनीला. शेवटची आंघोळ घालायला इतर बायका कचरायच्या. लोटाभर थंड पाणी वरच्यावर ओतायचं, नजर वळवायची आणि झालं म्हणायचं. वहिनी तिथे पोचली की आधी चूल पेटवायला लावायची. पाणी कोमटच हवं. मेलेल्या बाईला गरम पाण्याचं काय, असं कोणी म्हणालं की उत्तर तयार असायचं, "तिले नसन कळत. माहे हात तं जिते आहेत ना." मग पदर खोचून बसायची आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायची. आता तोंड पुसते हं. आता उजवा हात घेते. आता डावा. आता तुला कुशीवर वळवते, घाबरू नको. लहान लेकराला न्हाऊ घालताना बोलावं तसं. एकदा धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या भांडणावरून जिच्याशी तिचा कित्येक वर्षं अबोला होता, ती शेजारीण गेली. वहिनी येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. वहिनी पोचली, आणि आंघोळ घालता घालता त्या बाईशी भांडली. "माहा धुरा कोरून खाल्ला तुनं… आता बोल ना, बोल," असं म्हणत तिने तिची पाठ स्वच्छ घासली, केसांचा गुंता हळूहळू सोडवला, वेणी घातली. बाजूच्या बायका हसावं की रडावं या पेचात होत्या. त्या दिवशी त्या घरातल्या पोरी मोकळेपणाने रडल्या. वहिनीने रडणाऱ्याला कधी गप्प केलं नाही. 'आता रडू नका' म्हणणाऱ्यांना मात्र ती तिथून उठवायची.

गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं. आधी वाटलं, चिखलात वाकून वाकून होतं आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी दादाला बाजूला बोलावलं. घरी येताना दादाने ठरवून टाकलं होतं की वहिनीला सांगायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तो फाटकातच गाठायचा आणि बजावायचा, अल्सर म्हणा, हसून बोला, लवकर निघा. माझा भाऊ वाईट माणूस नाही. विहारात कुणाही गेलेल्याचं पुण्यानुमोदन असलं की सगळं अनित्य आहे हे सांगायला तोच उभा राहतो, आणि त्याचा आवाज कधी कापत नाही. पण स्वतःच्या अंगणात त्याला तो शब्द बोलता येईना. शब्द घरात आला नाही तर ती गोष्टही येणार नाही, असं काहीतरी त्याला वाटत असावं. झालं असं की लोक येईनासेच झाले. खोटं काय बोलायचं हेही सुचावं लागतं. जिने साऱ्या वस्तीच्या बायकांना शेवटचं न्हाऊ घातलं, तिच्या खाटेपाशी बसायला कोणी मिळेना. तिने एकदा मला विचारलं, लोकांना माझी किळस येते का?

धान निसवून लोंब्या बाहेर यायला लागल्या होत्या तेव्हा पवनीची मामी आली. दादाची आणि माझी ही मामी खूप म्हातारी, गावोगावच्या नात्यात कुठेही मयत झाली की पोचणारी. तिने उकडलेले शिंगाडे आणले होते. फाटकात मिळालेला धडा तिने नीट पाळला. नातीच्या शाळेचं, गुडघ्यांचं, तलावात यंदा शिंगाडा कसा आला याचं बोलली. वहिनीला म्हणाली, चांगली तर दिसतेस, उगाच खाट धरून बसलीस. सगळं बरोबर झालं. मग ती उठली, पदर सावरला, चपला घातल्या आणि मुकाट्याने चालू लागली.

मयतीच्या घरून निघताना आमच्याकडे 'येतो' म्हणत नाहीत. तसल्या कामासाठी पुन्हा यावं लागू नये म्हणून कोणी निरोप घेत नाही, मागे बघत नाही. इतर कुठल्याही घरून 'येतो' म्हटल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मामीचं तोंड खोटं बोललं होतं, पण तिचे पाय जन्मभराच्या सवयीने निघाले. फाटकापर्यंत गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती थांबली, वळली… आणि तिचा चेहरा असा उतरला की मी तो विसरू शकत नाही. आता 'येतो' म्हणावं तर तेही भलतंच. ती तशीच निघून गेली.

खाटेवर वहिनी अर्धवट सोललेला शिंगाडा हातात धरून बसली होती. "पायलं का बाई? मामी 'येतो' म्हनली नाई."

मी म्हणाले, म्हातारी झाली, विसरली असेल.

"विसरली म्हूनच तं," वहिनी म्हणाली.

तिने शिंगाडा बाजूला ठेवला. मग तिने मला जवळ बसवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. "मले भेव लागते, बाई. मरनाचं लागतेच. पन सारे माह्यासमोर हासून राहिले ना, त्याचं जास्त लागते. एवढ्या मानसात मी एकटीच मरून राहिली, असं वाटते." मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि तिला आजाराचं नाव सांगितलं. डॉक्टर जे म्हणाले होते तेही सांगितलं. ती रडली, मीही रडले. रडून झाल्यावर तिने चहा मागितला आणि तो पूर्ण प्यायली. दादाला मात्र सांगू नको म्हणाली. "त्याले वाटते मले माहीत नाई. तेवढ्यावरच उभा आहे तो." असे ते दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहिले, एका खोलीत, शेवटपर्यंत.

त्यानंतर दादा शेतावर गेला की आम्ही दोघी दुपारी बोलायचो. माणूस शांतपणे गेला, असं गेलेल्या माणसावरच्या लेखांत लिहिलेलं असतं. मीही पूर्वी ते विश्वासाने वाचत असे. वहिनी शांत नव्हती. कधी ती हसायची, कधी चिडायची, कधी बोलता बोलता घामाने भिजायची. एकदा वाऱ्याने समोरच्या शेताच्या बांधीतलं धान सळसळलं तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मले नाई मरायचं." माझ्याकडे आयुष्यभर वाचलेली पुस्तकं होती. त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. मी फक्त 'हो' म्हणाले.

आणि तिने माझ्याकडून वचन घेतलं. तिची आंघोळ मी घालायची. पाणी कोमट हवं. मुकाट्याने काही करायचं नाही, प्रत्येक गोष्ट सांगून करायची. "नाई तं मी दचकन," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. टाचांच्या भेगा नीट घासायच्या, लोक पायाला हात लावतात, लाज वाटते. मी म्हटलं, वहिनी, माझ्या तोंडून आवाज नाही निघाला तर? "अवं, मंग हळू बोलजो. मी कुठं जाऊन राहिली?"

कापणीच्या दिवसांत दुखणं वाढलं आणि दादाने तिला पुन्हा नागपूरच्या दवाखान्यात नेलं. फोन आला त्या दिवशी गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेवरच्या शेतांत धानाचे पुंजणे रचून झाले होते आणि लोक त्यांच्या आडोशाने उभे राहून बघत होते. वहिनीला पांढऱ्या कापडात गुंडाळून, जागोजागी पट्ट्यांनी बांधून आणलं होतं. दवाखान्याने उघडू नका म्हणून सांगितलं होतं. थंडीतला दिवस लवकर बुडतो, घाटावर जायची घाई सुरू झाली. मी म्हणाले, पाणी तापलं आहे. कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले. तेव्हा नात्यातले एक वडीलधारे समजुतीच्या सुरात म्हणाले, तिकडून साफ करूनच देली बाई, आता उघडायचं नाई. दादाही म्हणाला, आता कायले त्रास देता तिले?

चार माणसांत मी कधी मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. तिने स्वतः सांगितलं होतं, म्हणाले. कोमट पाणी, उजवा हात आधी, टाचा घासायच्या, सगळं. दादा माझ्याकडे वळला.

"तिले माहीत होतं?"

मी मान हलवली.

"मंग मले काहून नाई सांगितलं तिनं?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. दादा खाली बसला आणि त्याने वरची एक पट्टी सोडली. फक्त वरची. कापड बाजूला झालं, चेहरा दिसला. मी पदराचं टोक गुंडातल्या पाण्यात भिजवलं, मनगटावर लावून पाहिलं, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आता तोंड पुसते हं, वहिनी." कपाळ, डोळे, ओठांचे कोपरे, कानामागची जागा. पुढची पट्टी सोडायला मी हात घातला तेव्हा तो कुणीतरी हळूच धरला, आणि तिला उचललं. आम्ही घाटावरून परत आलो तेव्हा गुंडातलं पाणी थंड झालं होतं. ते सांडायचा धीर मला दुसऱ्या दिवशीपर्यंत झाला नाही.

पुण्यानुमोदनही होऊन गेलं. दादाने त्या दिवशी दुसऱ्याला बोलायला उभं केलं. आता लोक भेटायला येतात, मळणीचं बोलतात, थंडीचं बोलतात. तिचं नाव निघालं की कोणीतरी चटकन विषय बदलतं, आमच्या काळजीपोटीच. मग 'येतो' न म्हणता उठून जातात. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवतो. एकदा दादाने ताटात बघत विचारलं, आणखी काय म्हणत होती ती? मी सांगायला लागले, तेवढ्यात त्याने हात वर केला. बस, म्हणाला, आणि जेवण टाकून उठला. त्याने पुन्हा विचारलेलं नाही. मरणाबद्दल बोलावं, असं सांगायला मी हे लिहायला बसले होते. पण बोलून मी तिला वाचवू शकले नाही, आणि आता जिच्याशी बोलायचं ती नाही. दुपारी खाटेपाशी जाऊन बसते. पुस्तक उघडते. यात कोण मरते, असं कोणी विचारत नाही.

तो गुंड मी माळ्यावर ठेवला नाही. रोज सकाळी त्यातच पाणी तापवते, मनगटावर लावून पाहते आणि न्हाणीचं दार लावून घेते. तोंड त्या दिवशी झालं होतं. पुढचं राहिलं आहे. लोटा भरून मी माझ्या हातावर धार धरते आणि म्हणते, आता उजवा हात घेते, वहिनी. पहिल्या दिवशी आवाज निघाला नव्हता, नुसते ओठ हलले. आता निघतो. मग खांदा, मग पाठ, जमेल तेवढी. टाचांना वेळ लागतो. पाणी संपतं, आणि आंघोळ झाली असं काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजव्या हातापासून…

अलीकडे मी बोलायला लागले की भिंतीपलीकडे दादाच्या चपलांचा आवाज येतो आणि तिथेच थांबतो. तो खाकरत नाही, हाक मारत नाही. पाणी संपेपर्यंत हलतही नाही. मी लोटा पुन्हा भरते आणि थोडं मोठ्याने म्हणते, "आता डावा हात घेते, वहिनी."