शेजारची सीट

आमच्या ह्यांना सगळा बाजार ‘टेस्टर’ म्हणतो. खरं नाव विचारलं तर निम्मे लोक डोकं खाजवतील. बाकीचे पुरुष खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात, आणि शर्ट धुवायला टाकताना तो आठवणीने काढायचं काम माझं. गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणं हा ह्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीला शटर लावलं, ते दुकान. मधल्या खोलीत माझं शिलाई मशीन. त्याच्या मागे जी जागा उरली तिच्यात आमचा संसार.

माणूस गोड बोलणाऱ्यांतला नाही. राग सदा नाकावर. गिऱ्हाईक बोनेटवर वाकून ‘हे असेल का, ते असेल का’ करू लागलं, की हे पक्कड खाली ठेवतात आणि म्हणतात, “मग तुम्हीच बघा, मी चहा पिऊन येतो.” आणि खरंच जातात. तरी लोक येतात, कारण दुसरीकडे सगळ्यांनी हात टेकलेली गाडी इथून चालू होऊन जाते.

ह्यांचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. गिऱ्हाईकाच्या गाडीत घरचं माणूस बसायचं नाही, आणि तपासायला गाडी बाहेर काढली की शेजारी कुणीच बसायचं नाही, अगदी मालकसुद्धा. “शेजारचा माणूस बोलतो,” हे म्हणायचे. “तो बोलला की गाडीचं ऐकू येत नाही.” त्यामुळे आमच्या दारात इतक्या गाड्या येऊन गेल्या, पण मी आपली सगळीकडे चालत. माझ्या बहिणी यावरून अजून माझी फिरकी घेतात.

थोरल्या दिरांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते घड्याळं दुरुस्त करायचे. हात असा, की बारीकातला बारीक स्क्रू चिमटीतून सुटायचा नाही. म्हातारपण नीट सुरूही झालं नव्हतं, तेव्हा एक दिवस त्यांना उघडलेलं घड्याळ परत बंद करता येईना. मग तेच तेच विचारणं सुरू झालं. मग घरचा रस्ता चुकायला लागले, आणि शेवटी शेवटी खोलीत नसलेली माणसं त्यांना दिसायची. हे रोज जाऊन भावाची दाढी करून द्यायचे. भाऊ विचारायचा, “आपण कोण?” हे सांगायचे, “न्हावी.” घरी येऊन मात्र हे जेवायचे नाहीत. ‘आपलंही असंच होणार’ ही भीती ह्यांच्या मनात तेव्हा बसली ती बसलीच.

आता त्या गाडीकडे येते.

गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी शिकवलेले ड्रायव्हिंगमास्तर. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत आलेला माणूस. शाळा बंद केली आणि ह्या गृहस्थाने कुणाची तरी वापरलेली स्पोर्ट्‌स कार घेतली. दोनच सीटा, आणि त्या इतक्या खाली की मास्तरीणबाईंना आत बसवायला एक माणूस आणि बाहेर काढायला दोन. मास्तर मात्र नवरदेवासारखे खूश होते.

“टेस्टर, मध्येच सगळे दिवे लागतात,” ते म्हणाले. “ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, सगळे एकदम. गाडी बंद करून चालू केली की एकही नाही.”

“केव्हा लागतात?”

“तेच तर कळत नाही. कधी लागतात, कधी नाही.”

हे गाडी घेऊन एकटे फिरून आले. एकही दिवा नाही. स्कॅनर लावला तर त्यात बिघाडांची भली मोठी यादी आली. ब्रेकची इलेक्ट्रॉनिक पेटी उत्तर देत नाही, स्टिअरिंगची पेटी उत्तर देत नाही, एकाचा दुसऱ्याशी संपर्क नाही. मी म्हटलं, “म्हणजे आपल्या घरातल्यासारखंच.” हे हसले नाहीत. बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगच्या वायरी साफ केल्या, यादी पुसली आणि गाडी दिली.

मास्तर परत आले. दिवे लागले होते. ह्यांनी फ्यूजची पेटी उघडली. गाडी गेली, परत आली. बॅटरी बदलली. परत आली. एकदा तर अख्खा डॅशबोर्ड काढून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला होता आणि मी पडद्यांचं कापड पलंगावर कापत होते. मास्तर चालवतात तेव्हा दिवे लागतात, हे चालवतात तेव्हा नाही. असं भूत कुणी ऐकलंय का? मला तर वाटायला लागलं की म्हातारा लक्ष वेधून घेण्यासाठी थापा मारतोय. तसं मी बोललेही. हे माझ्यावर असे खेकसले की मी दिवसभर अबोला धरला.

खरं तर रागाचं कारण वेगळं होतं, ते मला उशिरा कळलं. ह्यांचा आता गाडीवर नाही, स्वतःवर संशय होता. मागच्या वेळी अर्थिंगचा नट आवळला होता की नुसता बसवला होता, हे ह्यांना आठवत नव्हतं. एकदा खिशात एक बोल्ट सापडला, तो कुठला ते कळेना. हे तो बोल्ट तळहातावर घेऊन दुकानात कितीतरी वेळ बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, जादा आहे.”

मग एका दुपारी हे गाडी घेऊन बाहेर गेले आणि लगेच परत आले. चेहरा पांढराफटक. “बाहेर ये. लागलेत. सगळे लागलेत.”

मी हातातलं टाकून धावले. तोवर ह्यांनी सवयीने गाडी बंद केली होती, शेजारच्या सीटवरची हत्यारांची लोखंडी पेटी उचलून जमिनीवर ठेवली होती, मला नीट वाकून बघता यावं म्हणून. मी दारातून डोकं आत घातलं. ह्यांनी किल्ली फिरवली. दिवे लागले, नेहमीसारखे विझले, आणि गाडी शहाण्या मुलासारखी गुरगुरत उभी राहिली.

“आत्ता होते,” हे म्हणाले.

“असतील.”

“असतील म्हणजे? मी बघितले.”

स्कॅनरमध्ये यादी होती. पण ती आजची की मागची, मागची पुसली होती की पुसायची राहिली होती, हे ह्यांना काही केल्या सांगता येईना. यंत्र तसंच हातात धरून हे माझ्याकडे बघत राहिले.  मी म्हटलं, “चहा टाकू?” एवढं मूर्ख वाक्य मी जन्मात बोलले नसेन.

त्यानंतर जेवताना एकदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “दादालाही दिसायचं.”  मी म्हटलं, “काहीतरीच काय! तुमचे डोळे तपासून घेऊ.” पण खरं सांगते, माझाही गोंधळ उडाला होता. हे खरं सांगतायत की ह्यांना भास होतायत? मास्तरांनाही दिसतात ना दिवे? की मास्तर म्हणतात म्हणून ह्यांनाही दिसले? मी एकीकडे ह्यांची समजूत घालत होते आणि दुसरीकडे हे चष्मा कुठे ठेवतात, मला कुठल्या नावाने हाक मारतात, यावर चोरून नजर ठेवत होते.

आणि एका सकाळी ह्यांनी सांगून टाकलं. “मास्तरांची गाडी परत देतो. आणि शटर खाली ओढतो, कायमचं. ब्रेकच्या वायरी हातात असतात माझ्या. उद्या कुणाचा जीव जाईल.”

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे किल्ली खिशात टाकत म्हणाले, “तू चल बरोबर.”

“कुठे?”

“मास्तरांकडे. गाडीतनं.”

“मी? गिऱ्हाईकाच्या गाडीत?”

हे चपला शोधत होते. त्या पायातच होत्या. “येताना चालत यायचंय,” हे म्हणाले. “एकट्याला नको वाटतंय.”

मला कळलं. येताना रस्ता सापडला नाही तर, अशी भीती होती ह्यांना. मी मशीनवर कापड झाकलं आणि निघाले.

त्या गाडीत बसणं म्हणजे कसरतच. मी धप्पकन सीटवर आदळले. ह्यांचे कान नेहमीप्रमाणे गाडीकडे. पेट्रोल पंपावरून सरळ जायचं होतं. ह्यांनी डावीकडे घेतलं. मला वाटलं, शेवटची म्हणून जरा फिरवून नेतायत. पुढे रस्ता उखडलेला होता. एका खड्ड्यात गाडी आपटली, आणि समोर पिवळे, तांबडे, एकामागून एक दिवे लागले.

ह्यांची नजर समोर. पण स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. हे मला सांगणार नव्हते. आपल्याला पुन्हा भास होतोय असं समजून सगळं गिळून टाकणार होते.

मी म्हटलं, “अहो, हे काय पेटलं सगळं?”

ह्यांनी गाडी कडेला घेतली. “काय पेटलं?”

“हे काय! हा ब्रेकचा दिवा, हा स्टिअरिंगचा, आणि हा माणसाच्या पोटावर फुगा असलेला.”

“तुला दिसतायत?”

“आंधळी आहे का मी?”

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं हसतायत. रडत होते. माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या आणि बाजूने जाणारा सायकलवाला आमच्याकडे बघत बघत खांबावर धडकता धडकता वाचला.

मग हे एकदम थांबले. माझ्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं. “ऊठ,” म्हणाले. मी उठले. ह्यांनी गाडी बंद केली, चालू केली. दिवे नाहीत. “बस.” मी बसले. “जरा आदळून बस!” मी आदळले आणि दिवे लागले.

मागच्या मालकाने कधीतरी ती सीट काढून परत बसवली होती. बसवताना गालिच्याखालचा वायरींचा जुडगा सीटच्या लोखंडी पट्टीखाली आला होता. वर वजन पडलं आणि धक्का बसला की सोललेल्या वायरी लोखंडाला टेकायच्या आणि सगळ्या पेट्यांचं आपसातलं बोलणं बंद व्हायचं. मास्तरांच्या शेजारी मास्तरीणबाई असायच्या. त्या दुपारी ह्यांच्या शेजारी हत्यारांची पेटी होती. एरवी ह्यांच्या शेजारी कुणीही नसायचं, कारण नियम! माझ्या वजनाचा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

ह्यांनी वायरी जोडल्या, वरून प्लास्टिकची नळी घातली, पट्टीपासून लांब बांधल्या. मास्तर नाचायचेच बाकी होते. शटर काही खाली आलं नाही. हे चारचौघांत सांगू लागले, “डोकं माझं शाबूत आहे, गाडीच बदमाश होती.” जीव भांड्यात पडला, असं मीही शेजारणींना सांगितलं.

पण ते डावं वळण माझ्या मनातून जात नव्हतं. मास्तरांच्या घरी हे किती वेळा गेले असतील! त्या दिवशी गाडी फिरवून आणायला डावीकडे घेतलं, की चुकलं? दिवे खरे होते, एवढं सिद्ध झालं. बाकीचं काय? बोल्टाचं काय? विचारायला जीभ रेटत नव्हती.

आता हे गाडी तपासायला काढतात तेव्हा मला हाक मारतात. “चल, वजन हवंय.” मी मशीन बंद करून जाते, बसते. हे डॅशबोर्डकडे बघतात आणि मी रस्त्याकडे.

काल दवाखान्याच्या चौकात आम्ही थांबलो होतो. मागच्याने हॉर्न दिला, तरी हे हलेनात. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्या चौकातून हे लहानपणापासून जातायत.

मग माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाले, “सांग.”

मी म्हटलं, “उजवीकडे.”