न आलेल्याची खुर्ची

त्या गुरुवारी सकाळी आमच्याकडं नळ आले होते. बाहेरगावच्या वाचकांना यात विशेष काही वाटणार नाही, इथल्यांना सांगायला नको. इतक्या दिवसांनी नळ आले की घरातलं माणूस ना गॅसकडं बघतं ना फोनकडं. मी पाइप एका ड्रममधून काढून दुसऱ्यात टाकत होते आणि फोन दोनदा वाजला. स्क्रीनवर 'खाला' दिसलं; हबीब सरांच्या बायकोला आम्ही सगळे खालाच म्हणतो. हात ओले होते, उचलला नाही. सगळं भरून झाल्यावर लावला तर खाला अगदी हळू म्हणाल्या, "तेरे सर गये, बेटा. फजरची नमाज पढून आडवे झाले, ते उठलेच नाही..." आणि मग, सवयीनंच, "पानी भर लिया ना?"

हबीब सरांच्या आठवणी लिहा, असं या पुरवणीकडून सांगण्यात आलं. जरा हळव्या लिहा, असंही. मला हळवं लिहिता येत नाही, मला पत्रकं लिहिता येतात. सर गेल्याला काही आठवडे झालेत. त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी दिली नाही. लिहायचं तर हेच लिहावं लागेल.

सर आयुष्यभर एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. शेवटी शेवटी विषयाला पोरं मिळेनात, म्हणून विषयच बंद झाला. सरांना मूल्यशिक्षणाचे तास आणि परीक्षेत पहारा द्यायचं काम मिळालं. आयुष्यभर विचार कसा करायचा ते शिकवलेल्या माणसाला पोरांच्या बाह्या तपासायला लावलं! "या विषयाचा उपयोग काय?" असं ज्यांनी त्यांना तोंडावर विचारलं, त्यांच्याच फेसबुकावर परवा 'थोर विचारवंत हरपला' वाचलं. असो. विभागाची खोली रिकामी केली तेव्हा कपाटं भंगारात गेली. सरांनी फक्त विभागप्रमुखाची खुर्ची मागून घेतली. प्रमुख तेच होते आणि सगळा विभागही तेच. लाकडी, हातांची, वेताची बैठक जरा खचलेली अशी ती खुर्ची रिक्षात टाकून त्यांनी मुकुंदवाडीच्या घरी आणली. पण तिच्यावर ते स्वतः कधी बसले नाहीत.

माझी त्यांची ओळख मुकुंदवाडी स्टेशनाबाहेर झाली. देवगाव रंगारीहून आईसोबत इथं शिकायला आलेली मी, पहिल्याच वर्षी मोर्च्यात शिरले आणि पत्रकं वाटायला लागले. लोक कागद घेतात, दोन पावलांवर टाकतात. या माणसानं उन्हात उभं राहून सगळं वाचलं, खिशातली पेन्सिल काढली, एका शब्दाभोवती गोल केला आणि कागद मला परत दिला. "हे 'सगळे' लिहिलंय. सगळे म्हणजे कोण? मी त्यात आहे का?" मी म्हणाले, "काका, वाचायचं तर वाचा, पेपर तपासू नका." ते खो खो हसले. "रविवारी घरी ये, पत्रकवाली. भांडण अर्धं ठेवू नये."

दर रविवारी त्यांच्या ओसरीत आठदहा जण जमायचे. शिकवणी नाही, फी नाही, खालांचा चहा. चर्चा पुस्तकातली नसायची. फोनवर आलेला व्हिडिओ पुढं पाठवायचा का, कंपनीत माणसं कमी करायची यादी आपल्याच हातानं करावी लागली तर काय करायचं, भोंग्यांचा आवाज कुणाला किती खुपतो आणि का... असलं सगळं. नियम एकच होता. ज्याच्याविषयी बोलायचंय तो हजर नसेल, तर आधी कुणीतरी त्या खुर्चीत बसायचं आणि त्याची बाजू मांडायची. मांडायची म्हणजे अशी, की तो दाराआड ऐकत असता तर म्हणाला असता, "व्हय, मला असंच म्हणायचं होतं." तोवर विरोध करायला परवानगी नाही. बोलणारा अडखळला की सर एवढंच विचारायचे, "पुढं?"

शहराच्या नावावरून वातावरण तापलं होतं तेव्हा नव्या नावाच्या कट्टर बाजूचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आणि जुन्या नावासाठी भांडणारा एक टेलर, दोघं ओसरीत एकमेकांवर ओरडत होते. सरांनी पोराला खुर्चीत बसवलं, जुन्या नावाची बाजू मांडायला. मग टेलरला, नव्या नावाची. टेलर घामाघूम. म्हणाला, "सर, इससे तो शेरवानी शिवलेली सोपी." मत दोघांचंही बदललं नाही. पण पुढच्या रविवारी दोघं आले. मला तेव्हा हे सगळं मिळमिळीत वाटायचं. जुलूम करणाऱ्याला खुर्ची कशाला द्यायची? मी तसं म्हणायचे. सर म्हणायचे, "त्याला नाही, तुला देतोय."

आता पत्रकाचं सांगते.

आमच्या कॉलनीला पाणी अर्धा तास आणि पलीकडच्या कॉलनीला दोन तास, असं चाललं होतं. बायका वैतागल्या होत्या, मीही. व्हॉल्व्ह फिरवणारे लाइनमन कचरूभाऊ ठेकेदाराकडं कामाला होते. पाण्याच्या आंदोलनाच्या एका बैठकीत बसले असताना मला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात कचरूभाऊ भर वेळेत व्हॉल्व्ह बंद करताना स्पष्ट दिसत होते. बैठक चालू होती म्हणून मी तो आवाज बंद ठेवून बघितला. दोनदा बघितला. दोन्ही वेळा आवाज बंद. पैसे घेऊन पाणी पलीकडं वळवतात, असं धरून चालले, तिथंच बसल्या बसल्या मजकूर लिहिला आणि वर मथळा टाकला, 'हाच तो पाणी विकणारा हात'. खाली त्यांचा फोटो. संध्याकाळी कागद घराघरांत होता आणि फोनवर तर तालुकाभर.

दुसऱ्या दिवशी लोकांनी त्यांना गाठलं. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी हिसकावून घेतली, ती त्यांच्याच डोक्यावर धरायला लावली आणि फोटो काढले. ठेकेदारानं त्याच दिवशी कामावरून बंद केलं. मी खूश होते. मला वाटलं, कागदानं पहिल्यांदा काहीतरी हललं!

पुढच्या रविवारी सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. म्हणाले, "तो व्हिडिओ दाखव. आता आवाज चालू कर." केला. व्हॉल्व्ह फिरवता फिरवता कचरूभाऊ फोन धरणाऱ्या बाईला सांगत होते, "खाली लाइन फुटलीय, ताई. पत्र्याच्या घरांत पाणी शिरतंय, लेकरं झोपल्यात तिथं. तीनदा सांगितलं, कुणी येईना. म्हून मी बंद करतोय, शिव्या द्यायच्यात तर मला द्या."

ओसरीत खालांनी कप गोळा करायचे थांबवले.

"तू त्याला विचारलं होतंस?" सर म्हणाले.

मी काय म्हणाले ते इथं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हणाले, "चोराला कुणी विचारत बसतं का, सर?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कागद तू काढलास. दुसरा तूच काढ. त्याच घरांत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत." मी म्हणाले, दुसरा कागद काढला तर आंदोलन फुटेल, लोक पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तुमचं तत्त्वज्ञान ओसरीत ठीक आहे, रस्त्यावर नाही. त्यांनी खुर्चीकडं हात केला. "मग निदान इथं बस. त्याच्या जागी. आत्ता." मी चपला घातल्या. "पुढच्या रविवारी बघू," सर म्हणाले.

गुरुवारी ते गेले.

जनाजा निघाला तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. रविवारी माणसं जमली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. कुणीतरी त्या खुर्चीवर सरांचा फोटो ठेवला होता, त्याला हार घातला होता. खाला आतून आल्या, फोटो उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "ये उनकी नहीं है. जो आया नहीं, उसकी है." मग माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर...

मी बिडकीनला गेले. कचरूभाऊ तिथं एका कंपनीत गाडीत माल चढवतात, रोजानं. गेटबाहेर टपरीवर त्यांनी मला लगेच ओळखलं. मी काहीबाही बोलत होते. ते मध्येच म्हणाले, "सर येऊन गेले इथं. बुधवारी, बसनं. ह्याच बाकड्यावर बसले."

बुधवारी, म्हणजे गेले त्याच्या आदल्या दिवशी. मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"काय म्हणाले?"

"तुमचंच बोलत होते. म्हणाले, मी आता ती पोरगी हाय असं समज. आन् मग तुमच्यावाणीच बोलले, ताई. की घरी आई ड्रम उपसून उपसून कमरेनं गेली, की पाण्यापायी कॉलेज बुडतं, की रागात डोळ्यांम्होरं अंधार येतो. लई चांगलं मांडलं. मला पटलं बी थोडं." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पण तुम्ही नाय आल्या."

"आता आले ना."

"आता माझी चावी दुसऱ्याच्या हातात हाय. खालची लाइन तशीच फुटकी हाय. आता काय विचारता?"

भोंगा झाला, ते आत गेले.

सगळ्यांच्या वतीनं बोलायची मला इतकी सवय, की एका माणसाला एक प्रश्न विचारायचं राहून गेलं. आणि मेलेल्या माणसाला सांगता येत नाही की चुकलं. जिवंत माणसाला सांगून त्याची चावी परत येत नाही. व्हिडिओ अजून फिरतोय, आता तर कुणीतरी त्यावर गाणं चढवलंय, म्हणजे मूळ आवाज कायमचाच गेला. मी किती जणांना उत्तर टाकू? हा लेख दुसरा कागद समजा. तो त्या घरांत त्याच मापाच्या अक्षरांत जाणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी साधा कागदही छापलाय आणि दारोदार देतेय. लोक घेतात, दोन पावलांवर टाकतात.

गेल्या रविवारी ओसरीत कुणीच आलं नाही. खालांनी तरी खुर्ची झाडून दारासमोर ठेवली होती. मी बसले. वेताची बैठक मध्यभागी खचलेली आहे, माणूस आपोआप मागं जातं. मी बोलायला लागले. "मी कचरू. मी लाइनमन आहे. मी व्हॉल्व्ह बंद केला, कारण खाली लेकरं झोपली होती..." आणि थांबले. ते राहायला कुठं होते, घरी कोण आहे, त्यांच्या स्वतःच्या घरी नळ कधी येतो, त्या दिवशी डोक्यावर चावी धरून उभं राहिल्यावर घरी जाऊन काय सांगितलं... मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

खाला उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पुढं?"