विचारून घ्यायचा खडक

मुलुंडला राहायचो तेव्हा आमच्या कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा दिवसा कारखान्यात इलेक्ट्रिशियन आणि संध्याकाळी चळवळीचे. उरलेल्या पत्रकांची मी वह्यांना कव्हरं घालायचे. माझ्या भूगोलाच्या वहीवरसुद्धा ‘हक्क मागायचे नसतात’ असं ठळक अक्षरात छापलेलं होतं.

मग कारखाना बंद पडला. मनोरीला सुट्टीच्या बंगल्यांची देखभाल करायचं काम बाबांना मिळालं आणि आम्ही कोळ्यांच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेतली. मी रोज होडीने मार्व्याला उतरायचे आणि तिथून मालाडला, प्रूफं तपासायच्या नोकरीवर. आई मात्र दिवसभर गावातच. ती गोदावरीकाठची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, जुहूला, चपला हातात धरून.

हिवाळ्यात अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला मनोरीचे खडक उघडे पडतात. गावातल्या बाया टोपल्या घेऊन कालवं काढायला निघतात. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेली शिंपली. टोकदार लोखंडाने ठोकून फोडायची आणि आतलं मांस काढायचं. आईला घरात बसवेना. एक दिवस ती स्टीलचा डबा आणि बाबांची हातोडी घेऊन त्या बायांच्या मागे गेली. परत आली ती रिकाम्या डब्याने.

“काय झालं?”

“एका म्हातारीनं हाकललं. म्हनली, कोनाला इचारलंस?”

मी चपलाही नीट घातल्या नाहीत. म्हातारी ओटीवर जवळा निवडत बसली होती.

“समुद्र तुमच्या नावावर आहे का, आजी?”

“समुद्र नाय गो. खडक हाय.”

“सातबारा दाखवा मग.”

“सातबारा भरतीला भिजतो.” ती हसली. वर न बघता जवळ्यातले खडे वेचत राहिली.

मग कुरकुरत तिने सांगितलं. प्रत्येक घराचा आपापला खडक. सासूकडून सुनेकडे येतो. कुणीही यावं, पण ज्या घराचा खडक त्या घराला विचारून.

“आणि तुम्ही नाही म्हणालात तर?”

“या वर्षी नायच म्हननार. कालवं बारीक हायत. खडक बसवलाय, वाढू दे त्यांना. नाय म्हनजे सगल्यांना नाय, पयली मला.”

“आम्ही कोण आहोत ते कळलं म्हणून नाही म्हणताय ना?”

तिने आता वर पाहिलं. “कोन हाव तुमी? भाडेकरू.”

या उत्तराने माझं डोकं जास्तच फिरलं. आमच्या घरात ‘नाही’ या शब्दाला इतिहास आहे. आईच्या आजीला गावच्या विहिरीवर कुणी सरळ नाही म्हणत नसे. आज पाणी गढूळ आहे, आज सण आहे, थांब, मग वाढते. कारण दर वेळी चांगलंच असायचं आणि घागर रिकामीच परत यायची. मग बारीक कालवांवर मी कसा विश्वास ठेवू?

मी पहारा द्यायचं ठरवलं. हा नकार खरा असेल तर तिच्या घरचं कुणीही खडकावर दिसणार नाही. दिसलं, तर मी अख्ख्या गावासमोर तिला जाब विचारणार होते. भाषण तयार होतं. होडीत बसून मी त्यातली वाक्यं घासूनपुसून घ्यायचे. मोठी ओहोटी असली की मी कामावर उशिरा जायचे. साहेब ओरडायचा. आई वेगळीच वैतागलेली.

“सरकारनं तुला खडकाची वॉचमन नेमलंय व्हय? एकदा गोड बोलून इचारलं तर जीभ झिजती का?”

“आपण खूप पिढ्या विचारलं, आई.”

“म्या तर कालवंच मागाय निगाले व्हते, बाई. राज्य न्हाई.”

बाबा एवढंच म्हणाले, “लक्ष ठेव.”

म्हातारी त्या हिवाळ्यात स्वतः शेजारणीच्या खडकावर जायची. पाण्याच्या कडेला थांबून हाक मारायची, “येव का गो?” पलीकडून “ये!” आलं की मगच पाय टाकायची. मी हे पाहिलं आणि तरी मला ते पुरलं नाही. आपसात विचारणं सोपं असतं. तिथे ‘नाही’ ऐकू आलं तरी माणूस रात्री विचार करत बसत नाही की मला का नाही.

मग एका रविवारी तिचा मुलगा खडकावर दिसला. अंधेरीला ऑफिसात होता, सोबत ऑफिसचेच दोस्त. बादली अर्धी भरली होती.

“विचारलं का?” मी काठावरून ओरडले.

“कुणाला?”

“आईला!”

“अगं, आपलाच खडक आहे. तू कोण?”

“भाडेकरू.”

दोस्त खो खो हसले. मी सरळ म्हातारीच्या ओटीवर गेले आणि सांगितलं. मला बघायचं होतं ती काय करते. मनातून मला तिने काहीच करू नये असं वाटत होतं, हेही खरं. भाषण वाया गेलं असतं ना.

ती उठली. गुडघ्यावर हात टेकत, पोटरीपर्यंत पाण्यातून खडकाकडे निघाली. तोंड घरापासूनच सुरू होतं. “मेल्या, तुज्या बापाला मी याच खडकावर नाय म्हनलेलं! तू कोन टिकोजीराव लागून गेलास?” मुलगा “आई, लोक आहेत ना यार” म्हणत मागे सरकत होता. तिने बादली हिसकावली. फोडलेली कालवं पुन्हा चिकटणार नव्हती. ती तिने काठावरच्या बायांना वाटून टाकली आणि दोस्तांना जेट्टीवर जाऊन वडापाव खा म्हणाली. ओंजळभर माझ्यासमोरही धरली.

मी घेतली नाही. बंद खडकाची कालवं खाऊन पुन्हा पहारा कुठल्या तोंडाने द्यायचा?

नकार खरा होता. मला हलकं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. एका म्हातारीचं साधं ‘नाही’ खरं मानायला मला अख्खा हिवाळा काठावर उभं राहावं लागलं, याचा राग येत राहिला. तो राग तिच्यावर नव्हता. ज्यांच्यावर होता ते त्या काठावर नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात तिचा खडक उघडला. आई टोपली घेऊन विचारायला निघाली, अगदी साखर मागायला निघाल्यासारखी. मी तिला थांबवलं नाही. सोबत गेले, आणि तिच्या आधी मीच बोलले.

“आजी, उद्या ओहोटीला आम्ही दोघी येतोय.”

“हे इचारलंस का सांगितलंस?”

“सांगितलं.”

“आनि मी नाय म्हनले तर?”

“तर येणार नाही.”

“मग तेच झालं की गो!”

आईने माझा दंड दाबला. ते तेच नव्हतं. पण त्यावर भांडायला आम्हाला दुसऱ्या दिवशीची अख्खी ओहोटी होती.