मेण लागलेले फूल

भगताने मला फसवले आणि त्याच्या आधी मी आरोग्य केंद्राच्या ताईंना फसवले होते. क्रम हाच आहे.

माझ्या आतड्यांना क्षय झाला होता, तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. गोळ्यांनी मळमळायचे. हातात काही नसताना जमिनींची दलाली उभी केलेला मी माणूस. वाटले, गोळ्यांतही थोडे कमी करून घेता येईल. अर्ध्या गोळ्या खाडीत टाकायचो आणि रिकामी पाकिटे ताईंना दाखवायचो. आतडे आतून आवळत गेले. शेवटी तीन दिवस पोटात पाणी ठरेना, पोट फुगले. डॉक्टर म्हणाले, आजच भरती व्हा, ऑपरेशन लागेल. देवी हो म्हणाली तरच ऑपरेशन, असे ठरवून मी उठून गव्हाण गावी गावदेवीपुढे कौल लावायला गेलो.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर भगत एकेक फूल लावतो. उजवे आधी पडले तर हो, डावे पडले तर नाही. डावे पडले. भगताने अंगारा दिला, घरी जायला सांगितले आणि तो जेवायला गेला. मला पायरीवरून उठवेना.

बोटीसाठी कौल लावायला आलेली एक कोळीण मागे बसली होती.

"दादा, प्वाट ढोल झालाय तुजा. वारा तरी सरतो का?"

"दोन दिवस नाय."

"मंग झाला तुजा कौल. ऊठ."

मला प्रसाद म्हणून द्यायला तिने उजवे फूल ओढले. ते निघेना. निघाले तेव्हा देठाला मेण होते.

त्या अवस्थेतही मी तिच्या टेम्पोचे भाडे विचारले. "घासाघीस देवीशी कर," ती म्हणाली, "माजा बरफ वितळतोय." मासळीच्या पेट्यांमध्ये आडवा पडून मी पनवेलच्या दवाखान्यात पोचलो. आतड्याचा आवळलेला तुकडा काढला. आणखी एक दिवस गेला असता तर ते फुटले असते, असे नंतर कळले. त्या बाईचे नाव विचारायचे राहून गेले.

ती देवीने पाठवली की आपली आपण आली, यावर मी वाद घालत नाही. अटी घालून विचारले तेव्हा माझ्या वाट्याला मेण आले. विचारायचेही बळ उरले नाही तेव्हा कोणीतरी हात धरला. तो हात मी रोज आठवतो.

आता गोळ्या ताईंसमोर गिळतो आणि जीभ उचलून दाखवतो. त्यांनी सांगितले नव्हते, मीच सुरू केले. माझ्या लबाडीचे उत्तर मी असे रोज देतो. फूल माझ्याकडे जपून ठेवले आहे. भगताने आता देवीसमोर उभे राहून सांगावे, उजव्या फुलाला मेण का लावले?