सूज म्हणजे वजन नव्हे

"आता नुसतं तोंडाने खाऊन हिचं भागणार नाही," असं सर्जननी ऑपरेशन थिएटरच्या दारातच सांगितलं. माझी धाकटी बहीण सुनंदा. रक्तवाहिनीत गुठळी अडकून तिचं बहुतेक लहान आतडं काळं पडलं होतं, ते काढून टाकावं लागलं. याला शॉर्ट बॉवेल सिंड्रोम म्हणतात. अन्न पोटात जातं, पण ते शोषून घ्यायला पुरेसं आतडंच उरत नाही. त्याआधी कित्येक महिने जेवलं की कळ यायची, म्हणून तिने खाणंच टाकलं होतं. अंगावर मांस राहिलं नव्हतं.

उपाय टीपीएन, म्हणजे टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन. छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालून साखर, प्रथिनं, चरबी थेट रक्तात सोडायची. हे घरीही करता येतं.

किती कॅलरी द्यायच्या ते वजनावर ठरतं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी मान वर न करता वजन विचारलं. सुनंदाला उभं राहता येत नव्हतं, म्हणून काटा कोणी आणलाच नाही. तिचे यजमान प्रकाशराव दारातून म्हणाले, "पंचावन्न असंल की." डॉक्टरांनी किलोमागच्या कॅलरींनी पंचावन्नला गुणलं. झाला हिशेब.

तिला शिवाजी पेठेत माझ्या घरी आणलं. हात धुणं, नळीचं टोक निर्जंतुक करणं, पिशवी पंपाला जोडणं मी शिकले. अवघड नाही, पण आळस केला तर जंतू थेट रक्तात जातात. कोडोलीहून तिच्या सासरची माणसं यायची. पांढरी पिशवी बघून चुलतसासू म्हणाली, "दूधच हाय की हे. जरा धार मोठी सोड, पोरगी पार वाळलीया." मी पंपाला हात लावू दिला नाही.

थोड्याच दिवसांत चेहरा भरला, पाय भरले. सगळे खूश. प्रकाशरावांनी पेढे आणून तिच्याच उशाशी वाटले. मी हॉस्पिटलला फोन केला, तर अंग भरतंय म्हणजे चांगलंच आहे, असं उत्तर मिळालं. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. नुसती कूस बदलली तरी तिला धाप लागत होती. गाडी काढली आणि तिला परत नेलं.

या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या. रक्तातलं फॉस्फरस पार खाली गेलं होतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपाशी शरीराला एकदम साखर मिळाली की पेशी रक्तातले क्षार ओढून घेतात, अंगात पाणी साठतं, हृदय बंद पडू शकतं. उपासमारीतून वाचलेल्या बाईला आम्ही भरवून मारत होतो.

वजन कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. प्रकाशराव खाली बघून म्हणाले, आजाराच्या आधीचं सांगितलं होतं. बायकोचा सापळा झालाय, हे चारचौघांत कसं सांगायचं?

"आधीची बाई जगवायची नाहीये आपल्याला," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताची जगवायची आहे."

सूज उतरल्यावर मी सुनंदाला उचलून काट्यावर उभी राहिले, मग एकटी. वजाबाकी केली. चौतीस. पन्नाशीतल्या माझ्या कमरेला तिचा भार जाणवलासुद्धा नाही. तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. प्रकाशरावांवर थोडा, शिकलेल्यांवर जास्त. काटा वॉर्डाच्या कोपऱ्यातच होता.

मग चौतीसवर हिशेब झाला आणि त्याचाही थोडाच भाग आधी दिला. सोबत थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, आणि क्षार. रक्त तपासत हळूहळू वाढवलं. सूत्र हा अंदाज असतो, खरं काय ते रक्त सांगतं, असं डॉक्टरबाई म्हणायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी ही पिशवी आली, तर आधी विचारा: हा आकडा कोणत्या वजनावर काढला? वजन माझ्यासमोर करा म्हणून अडून बसा. तुम्हाला भांडखोर म्हणतील. म्हणू देत.

परवा चुलतसासू पुन्हा आली. सुनंदा लसूण सोलत बसली होती. तिला खालीवर न्याहाळून म्हातारी हळहळली, "अजून बारीकच हाईस गं."

सुनंदाने मान वर केली नाही. "बारीक हाय," ती म्हणाली, "पण हाय की."